कातळात रोवलेले सागरी पूल

मुंबईच्या किनाऱ्यालगत समुद्रतळाशी आधी काळपट गाळ लागतो. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या मार्गावर त्याची जाडी काही ठिकाणी ९ मीटरपर्यंत भरते. त्याखाली झिजलेला बेसाल्ट, टफ, ब्रेक्शिया आणि मग अभंग कातळ. गाळ पुलाचा भार पेलत नाही, म्हणून तो ओलांडून कातळात शिरणारे काँक्रीटचे पाइल जागच्या जागी ओततात. ३० जून २००९ रोजी उद्घाटन झालेल्या या सेतूखाली असे ६०४ पाइल आहेत. केबलवर तोललेल्या भागांखाली २ मीटर व्यासाचे १२०, बाकीच्या पुलाखाली दीड मीटरचे ४८४. कोणी ६ मीटर खोल, तर कोणी ३४. कातळाचा माथा उंचसखल असल्याने एवढी तफावत पडते. नकाशावरची खोली हा अंदाजच. खरी खोली खोदताना वर येणारा कातळाचा चुरा पाहून ठरते.

समुद्रात खोदकामाची रिग उभी करायला जॅक-अप बार्ज लागतो. तळावर पाय रोवून तो भरतीच्या रेषेवर उचलला जातो, त्यामुळे लाटांनी हलत नाही. आधी पोलादी लायनर कठीण थरापर्यंत उतरवतात, म्हणजे गाळ भोकात ढासळत नाही. पुढचा कातळ रिग फोडते. रिव्हर्स सर्क्युलेशन पद्धतीत चुरा पाण्यासकट पोकळ दांड्यातून वर खेचला जातो. यात ठोकाठोकीचा आवाज कमी. फ्लेमिंगो उतरणाऱ्या शिवडीच्या चिखलातून निघणाऱ्या अटल सेतूसाठी म्हणूनच ही पद्धत वापरली.

सगळ्यात नाजूक काम यानंतरचे. तळाशी चुरा राहिला, तर उत्तम काँक्रीटही कातळावर नव्हे, भुशावर टेकते. तळ साफ झाला की सळयांचा पिंजरा सोडतात आणि ट्रेमी पाइपने काँक्रीट तळापासून भरत आणतात. पाइपचे तोंड सतत काँक्रीटमध्ये बुडालेले राहिले पाहिजे. ते उघडे पडले की पाणी मिसळते आणि पाइल मधोमध कच्चा राहतो. माथ्यावर आलेले गढूळ काँक्रीट नंतर फोडून टाकतात.

भरसमुद्रात चाचणीसाठी हजारो टनांचे वजन रचणे अवघड. वांद्रे-वरळीला त्यासाठी ऑस्टरबर्ग सेल वापरले. पाइलमध्येच पुरलेला हा जॅक वरचा भाग वर आणि खालचा खाली रेटतो. दोन्ही भाग एकमेकांविरुद्ध तोलले जातात.

मुंबईच्या किनारी रस्त्याच्या पुलांसाठी चार पाइलच्या गटाऐवजी एकच जाड मोनोपाइल घेतला गेला. त्याने ७०४ पाइलचे काम १७६ वर आले आणि समुद्रतळावर व्यापलेली जागाही घटली. मात्र भार वाटून घ्यायला शेजारी दुसरा पाइल उरला नाही.