फरशीला आंबट चालत नाही

फरशीच्या दुकानात जाताना सोबत एक लिंबू न्यावं. पॉलिश केलेला एखादा उरलासुरला तुकडा मागून घ्यायचा, त्यावर चार थेंब पिळायचे आणि दहा मिनिटं गप्पा मारायच्या. पुसल्यावर तिथली चकाकी गेलेली दिसली तर दगड चुन्याचा. शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर ही सगळी याच कुळातली मंडळी. काहीच फरक पडला नाही तर बहुधा ग्रॅनाइट. दुकानदार ‘सगळं चालतं, साहेब’ म्हणतो. लिंबू तसं म्हणत नाही.

चुन्याचा दगड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरतो तो पाण्यात विरघळणारा क्षार. लिंबू, चिंच, व्हिनेगर हे काम सावकाश करतात. संडास घासायचं अ‍ॅसिड फसफसून करतं. म्हणजे जो पांढुरका ठिपका आपण ‘डाग’ म्हणून घासत बसतो, तो डाग नसतोच. तिथला दगडच गेलेला असतो. ‘फरशी लख्ख करून देतो’ म्हणत पातळ केलेलं अ‍ॅसिड ओतणारे लोक मळाबरोबर फरशीचा वरचा थरही धुऊन नेतात. दोन दिवस ती उजळ दिसते, मग खडबडीत झालेल्या त्याच पृष्ठभागात दुप्पट मळ बसतो. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक फरश्या वापरानं नाही, सफाईनं खराब होतात. कोमट पाणी आणि चमचाभर साधा सौम्य साबण, एवढ्यावर शहाबादीचं उत्तम चालतं.

दुसरा शत्रू धूळ. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्‌स मापनात चुन्याच्या दगडातलं कॅल्साइट 3 वर आहे आणि रस्त्यावरच्या धुळीत, वाळूत असणारा क्वार्ट्‌झ 7 वर. चपलेखाली आलेला वाळूचा कण म्हणजे फरशीसाठी पॉलिश पेपरच. म्हणून आधी केर, मग पोछा, हा क्रम उलटा करू नये, आणि दाराशी जाडंभरडं पायपुसणं असावं. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ आणि 6 कठीणपणाचं फेल्डस्पार असल्यामुळे त्याला ही धूळ फारशी बाधत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कडप्प्याची जागा ग्रॅनाइटनं घेतली, त्यामागे फॅशनइतकंच हेही कारण आहे.

काळ्या पाषाणाच्या महाराष्ट्रात घरोघरी फरशी मात्र कर्नाटकातल्या शहाबादची का? सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा निवताना आकसतो आणि उभा तडकतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब पाहिले की हे लगेच कळतं. अशा दगडाचे चिरे घडवता येतात, किल्ले बांधता येतात, पण त्याच्या पातळ लाद्या सुटत नाहीत. भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक मात्र 50 कोटी वर्षांहून जुना, उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला. त्या थरांच्या सांध्यात छन्नी घातली की सपाट लादी निघते. करवती यंत्रं येण्याआधी हाच गुण लाखमोलाचा होता. त्याचीच दुसरी बाजू अशी की स्वस्तातली लादी कधीकधी थराथरानं सुटते. घेताना कड निरखावी, बोटाच्या पेरानं ठोकून पाहावी. खणखणीत वाजली तर घ्यावी, बद्द आवाज आला तर बाजूला ठेवावी.

पावसाळ्यात फरशीला ‘घाम’ येतो, त्याची दोन वेगळी कारणं आहेत आणि उपायही वेगळे. दमट हवा थंड दगडाला टेकली की वाफेचं पाणी होतं, हे एक. जमिनीतली ओल दर्जांतून आणि दगडाच्या छिद्रांतून वर चढते, हे दुसरं. ओळखायचं कसं? प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवावा. सकाळी पाणी वरच्या अंगाला असेल तर ते हवेतलं. कोरड्या फडक्यानं पुसावं, बाहेर फार दमट असेल तेव्हा खिडक्या लावून घ्याव्यात. खालच्या अंगाला असेल तर जमिनीतलं. ही ओल सुकताना आपल्याबरोबर आणलेले क्षार वर सोडते, तोच लोणा. अशा फरशीवर चकचकीत लेप मारणं सगळ्यांत वाईट. ओल कोंडते आणि लेपाचे पापुद्रे निघतात. लोणा कोरड्या ब्रशनं झाडावा. पाण्यानं धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात.

विटेची आणि भाजक्या मातीची लादी याहून तहानलेली. साध्या विटेला भारतीय मानकानुसार वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे. व्हिट्रिफाइड टाइलला जेमतेम अर्धा टक्का. जे पाण्याचं तेच तेलाचं. म्हणून स्वयंपाकघरात ती लावू नये असं माझं स्पष्ट मत. पडवीत, ओसरीवर मात्र तिला तोड नाही. नखानं ओरखडा उठत असेल तर लादी कच्ची भाजलेली आहे असं समजावं. हळद सांडलीच तर साबण लावू नका, अल्कलीनं ती लाल होते. ऊन येत असेल तर येऊ द्या. हळदीचा रंग उन्हात उडतो.

लाकडाबद्दल थोडक्यात. दमट हवेत फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून भिंतीशी सुमारे 10 मिलिमीटरची फट हवीच. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. साग इतर लाकडांपेक्षा कमी हलतो, पण पाणी निथळणारा पोछा त्यालाही सोसत नाही. आणि ‘लाकडी’ म्हणून खपवलं जाणारं लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीवर चिकटवलेलं लाकडाचं छायाचित्र, हे पैसे मोजण्याआधी विचारून घ्यावं.

लाकूड आणि वीट दोन्हींना जवसाचं तेल मानवतं. हे तेल उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन छिद्रांतच घट्ट होतं. पातळ हात द्यावा, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून काढावं. या क्रियेत उष्णता निघते. चुरगाळून ठेवलेल्या तेलकट चिंध्यांत ती साठत जाऊन त्या आपोआप पेटू शकतात. काम झाल्यावर चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात, कोपऱ्यात बोळा करून टाकू नयेत.