लेकरांच्या कपड्यांचा रंग

ईद असो वा दिवाळी, आमच्या श्रीपूरच्या लेकरांना नवे कपडे रंगीबेरंगीच हवेत. हवेतच! पण तान्हं बाळ झबल्याची बाही चोखतं, तेव्हा कच्चा रंग पोटात जाऊ शकतो. काही अझो रंगांतून कर्करोगकारक द्रव्यं सुटतात. म्हणून १९९७ सालापर्यंत आपल्याकडे ११२ अझो रंगांवर बंदी आली. नुसता कापूस सेंद्रिय असून भागत नाही. 'गॉट्स' या जागतिक मानकाच्या शिक्क्यासाठी किमान ७० टक्के तंतू सेंद्रिय लागतात, रंगही तपासले जातात आणि बालमजुरी चालत नाही. एका लेकराचं झबलं दुसऱ्या लेकराच्या हातून शिवलेलं नकोच. मंडळी, शिक्का पाहून घ्या. महाग वाटलं, तर आजीच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचं झबलं शिवा.