उघडी वही आणि तिची किल्ली

गणिताचें उत्तर बरोबर आलें म्हणून आमचे मास्तर पूर्ण गुण देत नसत. रीत लिहिली आहे कीं नाहीं, हें ते आधीं पाहत. ज्यांनीं शाळेंत अशी रीत गिरविली आहे, त्यांस प्रस्तुत विषय वाटतो तितका परका वाटणार नाहीं. आजचा शास्त्रज्ञ आपलें बहुतेक गणित संगणकाकडून करवून घेतो. मग त्याची रीत कोठें लिहिलेली असते, आणि ती आपल्या घरच्या संगणकावर उघडून ताडून पाहतां येते काय, ह्या प्रश्नांचा येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

वहीची जन्मकथा

सन २००१ मध्यें फर्नांडो पेरेझ हे अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचा उच्च अभ्यास करीत होते. पायथन ह्या संगणकीय भाषेशीं बसल्या जागीं सवाल-जबाब करतां यावेत, म्हणून त्यांनीं आयपायथन नांवाचें साधन तयार केलें. २०११ सालीं त्यास वहीचें रूप मिळालें. ह्या वहींत एका खणांत गद्य स्पष्टीकरण, दुसऱ्यांत गणिताची आज्ञा, आणि तिच्या खालींच उत्तर किंवा आलेख असतो. २०१४ पासून हा उद्योग जुपिटर ह्या नांवानें चालूं लागला. ज्युलिया, पायथन व आर ह्या तीन भाषांवरून हें नांव जुळविलें असून, १६१० सालीं गुरूचे उपग्रह पाहून गॅलिलिओनें केलेल्या टिपणांची आठवणही त्यांत राखिली आहे.

ह्या वहीचें महत्त्व एका उदाहरणानें पटेल. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील लायगोच्या दोन यंत्रांनीं सुमारें १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली गुरुत्वीय लहर टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं ती वार्ता जाहीर झाली, तेव्हां मोजमापें आणि तीं कशीं तपासावीं हें दाखविणारी जुपिटरची वही हीं दोन्ही सर्वांस खुलीं करण्यांत आलीं. ह्याच मालिकेंतील एक यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यांत, औंढ्याजवळ उभारण्यास भारत सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली, आणि पुण्याची आयुका ही संस्था त्या कार्यांत सहभागी आहे. तेव्हां ही वही वाचावयास शिकणें आपल्या मुलांमुलींस निरुपयोगी खास नाहीं.

परक्या भांडाराची खिडकी

अशा वह्या बहुधा गिटहब नांवाच्या सार्वजनिक भांडारांत ठेविलेल्या असतात. जुपिटरलॅब हें आपलें लिहिण्याचें मेज समजलें, तर त्याच्या डाव्या बाजूस आपल्या फायलींची यादी दिसते. तेथेंच गिटहबची यादी दाखविणारें एक एक्स्टेन्शन, म्हणजे मूळ साधनास मागाहून दिलेली जोड, मिळतें. आज्ञेच्या खिडकींत ‘पिप इन्स्टॉल जुपिटरलॅब-गिटहब’ असें इंग्रजी अक्षरांत लिहावें आणि जुपिटरलॅब बंद करून पुन्हां चालू करावें. मग व्यक्तीचें वा संस्थेचें नांव घातलें कीं तिचे सार्वजनिक प्रकल्प दिसूं लागतात. वही उघडतां येते व चालवितांही येते. मात्र तींत केलेला फेरफार मूळ भांडारांत जमा करतां येत नाहीं. दुसऱ्याची वही वाचावी, आपल्या नोंदी आपल्या प्रतींत कराव्या, असाच हा शिरस्ता आहे.

आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. खिडकींतून वही दिसते, परंतु तिला लागणारी मोजमापांची फाईल आपल्या संगणकावर आलेली नसते. त्यामुळें ‘फाईल सांपडत नाहीं’ असा निरोप येऊन काम थांबतें. अशा वेळीं सबंध प्रकल्प उतरवून घेणें हाच उपाय.

ह्या जोडीचे दोन भाग आहेत. एक पडद्यावर दिसतो. दुसरा सर्व्हरांत, म्हणजे पडद्यामागें, राहतो. ह्याचें कारण असें कीं, गिटहब अनोळखी पाहुण्याच्या एका तासांत साठच विनंत्या ऐकतें, आणि त्या माणशीं नव्हे तर जोडणीच्या पत्त्यावर मोजल्या जातात. एकत्र कुटुंबांत तिघे जण एकदम खिडकी उघडून बसले, तर साठ विनंत्या कितीशा पुरणार? ओळख पटवून देणारी किल्ली, म्हणजे टोकन, दिल्यास ही मर्यादा तासाला पांच हजारांवर जाते. ही किल्ली सर्व्हरच्या व्यवस्थेच्या फायलींत ठेवावयाची असते. पडद्यावर तिचें काम नाहीं.

आमच्या पुतणीनें हाच भेद गेल्या वर्षीं लक्षांत घेतला नाहीं. ती एम्. एस्सी.ला आहे. सोय म्हणून तिनें किल्ली वहीच्या पहिल्याच खणांत लिहिली आणि ती वही वर्गांतील चाळीस जणांस धाडली. त्या किल्लीनें तिचें अप्रकाशित कामही उघडत होतें. रात्रीं जेवणाच्या वेळीं ती घाबरीघुबरी होऊन म्हणाली, “काका, घराची किल्लीच मी वाटून आलें!” आपल्या वहींतून ती ओळ पुसून कांहींच साधणार नव्हतें, कारण प्रती चाळीस घरीं पोंचल्या होत्या. तिनें प्रथम ती किल्ली रद्द केली, नंतर कामांत कोणी हात घातला नाहीं ना, हें एकेक नोंद पाहून तपासलें, आणि मग केवळ सार्वजनिक प्रकल्प वाचण्यापुरती नवी किल्ली घेतली. सुदैवानें कांहीं बिघडलें नव्हतें. पण दोन रात्री तिला झोंप नव्हती.

स्वतः जोड घडवितांना

ज्यांस अशी जोड स्वतः करावयाची हौस आहे, त्यांना टाइपस्क्रिप्ट ही भाषा थोडी यावी लागते. कोरा सांचा तयार मिळतो. त्यांत तीन गोष्टी भरावयाच्या: जोडीचें नांव, मूळ साधनाकडून तिला कोणत्या सेवा पाहिजेत त्यांची यादी, आणि जागी झाल्यावर तिनें काय करावें तें. ‘लॅबएक्स्टेन्शन डेव्हलप’ ह्या आज्ञेनें आपला फोल्डर जुपिटरलॅबशीं जोडला जातो, आणि पुनर्बांधणी करून पान ताजें केलें कीं फेरफार दिसतो. पूर्वीं जोड नुसती बसवावयाची तरी घेणाऱ्यास सबंध साधनाची पुनर्बांधणी करावी लागे. तिसऱ्या आवृत्तीपासून ती तयार बांधलेली मिळूं लागली. २०२३ मध्यें चौथी आवृत्ति आली, तेव्हां जुन्या कित्येक जोडी त्यांच्या कर्त्यांस नव्यानें जुळवाव्या लागल्या. म्हणून जोड दिसेनाशी झाल्यास ‘लॅबएक्स्टेन्शन लिस्ट’ ही आज्ञा देऊन ती बसली आहे कीं नाहीं, आणि आपल्या आवृत्तीशीं जुळते कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

जोड असो कीं परकी वही असो, ती चालविली कीं आपल्या फायलींस हात लावण्याची मुभा तिला मिळते. ओळखीवांचून पाहुणा माजघरांत घेऊं नये, हा वडिलांचा नियम येथेंही पाळावा.

परवां पुतणीनें ती लहरीची वही, मोजमापें उतरवून घेऊन, घरीं चालविली. तिच्या अखेरीस लहरीचें ध्वनींत रूपांतर करण्याची रीत आहे. सुमारें एक पंचमांश सेकंदाचा तो चिवचिवाट आमच्या मातोश्रींनीं तीनदां ऐकला आणि विचारलें, “हें तुला कोणी सांगितलें म्हणून खरें, कीं तूं स्वतः काढलेंस म्हणून?” पुतणीनें वही त्यांच्यापुढें सरकविली आणि पहिल्या खणापासून रीत समजावून सांगावयास प्रारंभ केला.