उमेदवारी : शाळेतून कामाकडे जाणारी वाट

दहावीचा निकाल लागला, की घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो : आता पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांतून गुणपत्रिकाच देऊन टाकते. टक्के पाहावयाचे, तेवढ्या टक्क्यांत कोणत्या महाविद्यालयाचे दार उघडेल याची चौकशी करावयाची आणि जेथे प्रवेश मिळेल तेथे मुलाला घालून मोकळे व्हावयाचे, असा परिपाठ पडून गेला आहे. मुलाला कोणते काम आवडते, ते काम त्याने कधी डोळ्यांनी पाहिले आहे काय, हे विचारावयाचे राहूनच जाते. गुण अगदीच कमी पडले, तर मात्र घरातील कोणी तरी सुस्कारा टाकून म्हणतो, "मग घालू या त्याला आय.टी.आय.मध्ये." जणू हातांचे शिक्षण हे परीक्षेत मागे पडलेल्यांसाठीच राखून ठेवलेले आहे!

या सुस्काऱ्याने मुलाचे दुहेरी नुकसान होते. एक तर ज्याचे हात कुशल आहेत असा चांगला विद्यार्थी त्या वाटेला जातच नाही. आणि जो जातो, त्याच्याबरोबर चौकशीसाठी घरातील कोणी जात नाही. महाविद्यालय निवडताना चार ठिकाणी विचारपूस करणारे वडील मुलाच्या उमेदवारीचा करार न वाचताच सही करतात. म्हणून पालकांना आणि मोठ्या मुलामुलींना उद्देशून एवढेच सांगावयाचे आहे, की उमेदवारी हे शिक्षण आहे. आणि शिक्षण जसे पारखून घ्यावयाचे, तशीच उमेदवारीही पारखून घ्यावयास हवी.

उमेदवार या शब्दाचा मूळ अर्थच उमेद बाळगणारा असा आहे. वकिलाच्या कचेरीत, पेढीवर किंवा सुताराच्या हाताखाली उमेदवारी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परंतु त्या जुन्या चालीत उमेदवाराच्या हाती उमेदीखेरीज दुसरे फारसे काही नसे. किती वर्षे शिकावयाचे, काय शिकावयाचे, मोबदला किती, हे सारे उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून असे. ही मर्जी जाऊन तेथे नियम यावा, या हेतूने संसदेने १९६१ साली शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा अधिनियम संमत केला. त्यात १९७३, १९८६ आणि २०१४ साली महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांनी आपल्या एकूण मनुष्यबळाच्या शेकडा २.५ ते १५ या प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक ठरले. तेव्हा उमेदवार घेणारा कारखानदार मुलावर उपकार करीत नसून एक कायदेशीर जबाबदारी पार पाडीत असतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

काम म्हणजे काय, हे आधी पाहावे

फिटर हा शब्द आपण सर्वांनी ऐकलेला असतो. पण फिटर होऊ इच्छिणारा मुलगा पहिले काही महिने काय करतो, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते. त्याच्या हाती प्रथम यंत्र येत नाही, कानस येते. व्हाइसमध्ये पकडलेला लोखंडाचा तुकडा कानशीने घासून सपाट करावयाचा, गुण्या लावून तो उजेडासमोर धरावयाचा, आणि गुण्या व लोखंड यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली तर पुन्हा घासावयाचा, हा त्याचा पहिला धडा होय. व्हर्नियर कॅलिपरवर तो मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचावयास शिकतो, मायक्रोमीटरवर शंभरावा. माणसाच्या केसाहूनही बारीक असे हे माप हातांना पटावयास धीर लागतो. हे काम बुद्धीचे नव्हे असे कोणी म्हणू लागला, तर त्याने एकदा कानस हाती धरून पाहावी.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून असे शिक्षण देण्याची योजना १९५० सालापासून देशभर चालू आहे. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर वेल्डरचा एक वर्षाचा असतो. प्रत्येक कामाचा स्वभाव निराळा. वेल्डरला झगझगीत उजेड आणि उष्णता यांच्या सान्निध्यात तासन् तास एकाग्र राहावे लागते. इलेक्ट्रिशियनला तारांचे रंग अचूक ओळखावे लागतात. ज्या मुलास रंगांधळेपणा आहे त्याची ही अडचण प्रवेशानंतर नव्हे, प्रवेशापूर्वी कळावयास हवी. टर्नरला नकाशा वाचून, आकडेमोड करून लेथवर काम उतरवावे लागते. गणिताचा कंटाळा त्याला परवडत नाही.

म्हणून निवड करण्यापूर्वी मुलाला ते काम चालू असताना दाखवावे. परिचयातील एखादा कारागीर असेल, तर सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस मुलाला त्याच्याजवळ बसू द्यावे. काय पाहिलेस, त्यातले अवघड काय वाटले, रोज हे करावयास आवडेल काय, एवढे तीन प्रश्न संध्याकाळी विचारले, तरी पुष्कळ उलगडा होतो.

शाळांनाही यात मोठा वाटा उचलता येईल. हा विचार नवा नव्हे. १९५२–५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतून व्यवसाय मार्गदर्शनाची आवश्यकता सांगितली होती, आणि १९५४ साली दिल्लीत शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाचे केंद्रीय कार्यालय स्थापन झाले होते. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवावर भर दिला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांजवळ काम शिकण्याची कल्पना मांडली आहे. हे दहा दिवस सहलीसारखे न घालविता त्यांतून मुलाची आवड टिपून ठेवली, तर दहावीच्या निकालाच्या दिवशी घरात एवढा गोंधळ उडणार नाही.

करारात काय पाहावे?

उमेदवारीची वाट दोन प्रकारांनी धरता येते. प्रशिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम पुरा करून कारखान्यात जाता येते, किंवा काही व्यवसायांत दहावीनंतर थेट उमेदवार म्हणून दाखल होऊन मूलभूत प्रशिक्षण तेथूनच घेता येते. दोन्ही प्रकारांत लेखी करार आवश्यक असतो. उमेदवाराचे वय किमान १४ वर्षांचे असावे लागते, आणि धोक्याच्या उद्योगांशी निगडित व्यवसायांत १८ वर्षांचे. मुलगा अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पालकाने करार करावयाचा असतो. ही सही करण्यापूर्वी पुढील गोष्टींची खात्री करून घ्यावी.

पहिली गोष्ट म्हणजे कराराची नोंद. शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याकडे करार नोंदला जावा लागतो. आज ही नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर होते. नोंद नसेल, तर पुढे तंटा उद्भवल्यास मुलाची बाजू लंगडी पडू शकते. नोंद असेल तर तंट्याचा निर्णय हाच अधिकारी देतो.

दुसरी गोष्ट विद्यावेतनाची. २०१९ च्या नियमांनी शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये एवढे किमान विद्यावेतन ठरवून दिले. शासन हे दर वेळोवेळी बदलू शकते. म्हणून करार करतेवेळी अमलात असलेला आकडा विचारून घ्यावा. गाव सोडून जावयाचे असेल तर खोली, जेवण आणि प्रवास यांचा खर्च त्या रकमेशी ताडून पाहावा. हा हिशेब आधीच मांडलेला बरा. कारण पैशाची ओढाताण सोसेनाशी झाली, की मुले उमेदवारी अर्ध्यावर टाकून परततात. करार आपल्या बाजूने मोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत मागितला जाऊ शकतो, आणि मालकाच्या कसुरीमुळे मोडल्यास त्याला भरपाई द्यावी लागते, हेही जाणून असावे.

तिसरी गोष्ट कामाची. उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, असे कायदा स्पष्टपणे सांगतो. त्याला नगावर मोबदला देता येत नाही. उत्पादन वाढविण्याच्या बक्षिसात त्याला ओढता येत नाही. सल्लागाराच्या संमतीवाचून त्याला जादा वेळ राबविता येत नाही. मात्र आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांबाबत त्याला संरक्षण आहे. वर्षभर केवळ माल उचलावयास लावले, किंवा एकाच यंत्रापुढे एकच काम करीत उभे केले, तर ते प्रशिक्षण नव्हे. म्हणून व्यवसायाचा अभ्यासक्रम मागून घ्यावा, आणि दर महिन्यास मुलाला शेजारी बसवून त्यातील काय शिकून झाले ते विचारावे. रोज काय केले याची नोंदवही त्याने आपल्याजवळ ठेवावी.

चौथी गोष्ट प्रमाणपत्राची. अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर उमेदवारास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. ते देशभर ग्राह्य असते. बदलीच्या नोकरीमुळे आज इंदूर, उद्या हैदराबाद अशी बिऱ्हाडे हलविणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना याचे मोल विशेष वाटेल.

पाचवी गोष्ट म्हणजे, कोणालाही पैसे देऊ नयेत. रेल्वेचेच उदाहरण घ्या. रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार निवडताना सामान्यतः दहावीचे गुण आणि प्रशिक्षण संस्थेतील गुण यांच्या सरासरीवरून यादी लावली जाते. जेथे गुणांवर यादी लागते, तेथे ओळख सांगून पैसे मागणारा माणूस फसविणाराच समजावा. दहावीचे गुण येथेही उपयोगी पडतात, हे अभ्यासाचा कंटाळा आलेल्या मुलालाही सांगण्याजोगे आहे.

जे मिळत नाही तेही जाणावे

उमेदवारी संपली की नोकरी मिळालीच, असे मात्र समजू नये. प्रत्येक मालकाने उमेदवारांना नोकरीत घेण्याविषयी आपले धोरण ठरवावे, एवढेच कायदा म्हणतो. काही ठिकाणी लाभ मिळतो. रेल्वेने २०२५ साली काढलेल्या पहिल्या स्तराच्या भरतीत उमेदवारी पुरी केलेल्यांसाठी शेकडा २० जागा राखून ठेवल्या होत्या. परंतु निवड परीक्षेतूनच व्हावयाची होती. ज्या ठिकाणी मुलगा जाणार, तेथील मागील उमेदवार आज कोठे आहेत, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे. दोघांतिघांची गाठ घेतली, तर खरी माहिती मिळते.

पुढील शिक्षणाचे दार मात्र बंद होत नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास अनेक राज्यांत तंत्रनिकेतनाच्या पदविकेस थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या पदवीची वाट खुली असते. ज्याला शिकविण्याची आवड आहे, त्याला निदेशकाचे प्रशिक्षण घेऊन अशाच संस्थेत शिक्षक होता येते.

येथवर मुलगा असा शब्द वारंवार आला. पण मुलींना हे सारे तितकेच लागू आहे. नोएडा, मुंबई, बेंगळूर, तिरुवनंतपुरम् येथे महिलांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहेत. लेथ किंवा मायक्रोमीटर हाती धरणाऱ्याला मुलगा की मुलगी असे विचारीत नाही. घरातील मुलगी बिघडलेली इस्त्री उघडून बसत असेल, तर तिला उठवू नये. फक्त प्लग काढला आहे ना, एवढे पाहावे.

वाचकहो, मुलाने महाविद्यालयात जाऊ नये असे सांगण्याचा येथे मुळीच हेतू नाही. ज्याची ओढ पुस्तकांकडे आहे त्याने अवश्य तिकडे जावे. परंतु ज्याची ओढ यंत्राकडे, लाकडाकडे, विजेच्या तारांकडे आहे, त्याला ती वाट दाखविताना आपल्या आवाजात सुस्कारा नसावा. सोळा वर्षांच्या मुलाला तो सुस्कारा बरोबर ऐकू येतो आणि पुढे पुष्कळ वर्षे तो त्याला विसरत नाही. त्याऐवजी त्याच्याबरोबर एकदा कारखान्याच्या दारापर्यंत चालत जावे, करार त्याच्यासमोर मोठ्याने वाचावा, न समजलेले विचारून घ्यावे, आणि मग सही करावी.