पौर्णिमेचा नियम

श्रावण पौर्णिमेला पालघरच्या किनाऱ्यावर, सातपाटी-मुरब्यापासून नवापूर, तारापूर, डहाणूपर्यंत, मांगेला, कोळी आणि वैती समाजाची गावं दर्याला नारळ देतात. नारळाला सोनेरी वेष्टण चढतं, मिरवणूक वाजतगाजत बंदरावर येते, होड्यांवर पताका लागतात, घरोघरी नारळीभात शिजतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतो तो एवढाच भाग. पण नारळी पौर्णिमा निव्वळ उत्सव कधीच नव्हती. मासेमारीचं वर्ष या दिवशी सुरू व्हायचं आणि त्याआधी सगळा पावसाळा होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असायच्या. दर्याचा मान राखणं आणि दर्याला उसंत देणं, ही या सणाची दोन अंगं. यातलं पहिलं आज पूर्वीपेक्षा थाटात साजरं होतं. दुसरं मात्र सणापासून तुटलं आहे. ते पुन्हा जोडल्याशिवाय समुद्राविषयीची कोणतीही जनजागृती पुरी पडणार नाही, असं माझं मत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: उसंत कसली, उधाणाच्या समुद्रात शिडाची होडी घालायची सोयच नव्हती. हे खरं आहे. पण नाइलाजाने पाळलेला नियमही माशाच्या उपयोगी पडतोच. पापलेटसह कित्येक मासे पावसाळ्याच्या आगेमागे अंडी घालतात, पिल्लं याच काळात वाढतात. होड्यांना इंजिनं बसली आणि नाइलाज संपला. मग जे निसर्ग करत होता ते कायद्याला करावं लागलं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. या कायद्याखालची पावसाळी बंदी पूर्वी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी आधी येईल त्या दिवसापर्यंत असे. सरकारी आदेशात एका सणाची तिथी मुदत म्हणून लिहिलेली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मच्छीमाराला तारीख सांगायला अधिकारी लागत नव्हता. ती घरातल्या कालनिर्णयवर होती. पुढे पश्चिम किनाऱ्यावर सरसकट ६१ दिवसांची, १ जून ते ३१ जुलै अशी बंदी आली आणि तिथी गळाली. २०२३ साली श्रावण अधिक आला, पौर्णिमा पडली ३० ऑगस्टला. म्हणजे नारळ वाहिला तेव्हा बंदी उठून महिना झाला होता.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी ही मागणी लावून धरली होती आणि त्यांना तो अधिकारही होता, कारण सातपाटीचं नाव झालं ते पापलेटवर. इथे पापलेट वजनाच्या प्रतीनुसार विकलं जातं. अर्ध्या किलोच्या वरचं ते ‘सुपर’, मग खाली एकेक प्रत आणि प्रत उतरेल तसा भाव. हाच मासा पिल्लू असताना जाळ्यात आला तर त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणजे थांबण्यात मच्छीमाराचाच फायदा आहे आणि हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तरीही बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्लं येतात, कारण आपण सोडलेलं पिल्लू पुढच्या होडीच्या जाळ्यात जाणार, याची प्रत्येकाला खात्री असते. एकट्याने पाळलेला संयम तोट्याचा ठरतो, सगळ्यांनी एकाच दिवशी पाळला तरच पदरात पडतो. सण हेच काम करत होता. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारने पापलेटची किमान लांबी १३५ मिलिमीटर ठरवली. साडेतेरा सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या पंजाएवढीही नाही. नियम हवाच होता, पण तो मोजपट्टी घेऊन बंदरावर उभं राहणाऱ्यावर अवलंबून आहे. तिथीला मोजपट्टी लागत नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो बोईसर-तारापूरच्या गावांतून येतो: कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात, वाढवणच्या बंदरासाठी १,४४८ हेक्टर भराव, आणि थांबायचं मात्र आम्ही? या रागाला आधार आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला हरित लवादाकडे जावं लागलं. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर शंभर कोटींहून अधिक भरपाई बसवली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. बंदी वाढवून सांडपाणी स्वच्छ होणार नाही, हे मान्यच करायला हवं. पण या लढ्यात मच्छीमाराची बाजू भक्कम होते ती समुद्र राखणारा म्हणून. पालघरच्या मच्छीमार संघटना बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा असं स्वतःहून मागत आल्या आहेत. ज्यांची चूल बंदीत विझते तेच ती लांबवा म्हणतात, याहून मोठा पुरावा कोणता?

राहिला प्रश्न त्या चुलीचा. बंदीकाळासाठी केंद्राच्या योजनेत तीन महिन्यांचे ४,५०० रुपये मिळतात आणि त्यातले १,५०० मच्छीमाराचे स्वतःचेच असतात. एवढ्यावर घर चालत नाही. जाळ्यात कासव किंवा देवमासा अडकला आणि जाळं कापून तो सोडला तर राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. संयमाला मोल द्यायची रीत सरकारला ठाऊक आहे, तीच बंदीला लावावी. शिवाय १२ सागरी मैलांपलीकडे अंमल केंद्राचा असल्याने तारीख राज्यांनी आणि केंद्राने मिळूनच ठरवावी लागेल. ती किमान १५ ऑगस्ट असावी आणि पौर्णिमा आधी आली तरी नारळ वाहून होड्या तोवर बांधलेल्याच राहाव्यात, हे गावांनी ठरवावं. आपण खाणाऱ्यांनी त्यासाठी थांबायचं कारण नाही: बाजारात पंजाहून लहान पापलेट दिसलं तर घेऊ नका आणि का घेत नाही ते विकणाऱ्या मावशींना सांगा.