कापलेल्या क्लेमचे गणित

विमा कंपनीने हात वर केले असे कुणी म्हणाले की ऐकणारा विचारतो, ‘क्लेम नाकारला का?’ दुकान, गोदाम किंवा घर यांच्या विम्यात हा प्रश्न पुरेसा नाही. चौदा लाखांचा माल पाण्यात गेला, मागितले चौदा, हाती आले साडेचार, तेही वर्ष सरता सरता, तर याला नकार म्हणता येत नाही. कंपनीच्या दप्तरी हा क्लेम ‘निकाली’ असतो. नाकारलेल्या क्लेमच्या बाबतीत निदान एक पत्र येते, पत्रात कारण असते आणि त्या कारणाशी कंपनी बांधली जाते. नकाराच्या पत्रात जे कारण लिहिले नाही, ते कंपनीला पुढे खटल्यात नव्याने काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गॅलाडा पॉवर (२०१६) आणि सौराष्ट्र केमिकल्स (२०१९) या प्रकरणांत सांगितले आहे. कापलेल्या क्लेममध्ये असे धरायला काहीच नसते. एक आकडा येतो, सोबत सहीसाठी व्हाउचर येते, आणि चौदाचे साडेचार कसे झाले हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. म्हणूनच नकारापेक्षा कपात विमेदाराला जास्त महागात पडते, असे माझे मत आहे. आणि ही कपात कंपनीच्या कार्यालयात होण्याच्या कितीतरी आधी, चिखल वाळण्यापूर्वीच सुरू झालेली असते.

चिपळूणचे उदाहरण घ्यावे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि तळमजल्यावरची दुकाने बुडाली. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या या गावात विमा ही नवलाची गोष्ट नव्हती, अनेकांकडे पॉलिसी होत्या. पाणी ओसरल्यावर दुकानदारासमोर पहिला प्रश्न असतो तो दुर्गंधीचा. भिजलेले धान्य दोन दिवसांत कुजते, पिठाचा लगदा होतो, औषधांच्या पट्ट्यांवर गाळ बसतो. नगरपालिकेचे डंपर दारात उभे असतात आणि रोगराईच्या भीतीने माल लवकर बाहेर काढा असा तगादा असतो. तो माल रस्त्यावर टाकला जातो, डंपरमध्ये भरला जातो आणि गावाबाहेर जातो. त्यानंतर नुकसान मोजणारा सर्व्हेअर येतो. धुऊन काढलेले दुकान, भिंतीवरची पाण्याची रेघ आणि रिकामे रॅक एवढेच त्याला दिसते. कायद्याच्या भाषेत नुकसान सिद्ध करण्याचा भार विमेदारावर असतो, आणि पुरावा तर त्याने स्वतःच्या हाताने, तोही सरकारी यंत्रणेच्या सांगण्यावरून, उचलून दिलेला असतो. तलाठ्याचा पंचनामा सोबत असतो, पण तो सरकारी मदतीसाठी केलेला. त्यात ‘दुकानातील मालाचे नुकसान’ अशी एक ओळ आणि एक ढोबळ आकडा, यापलीकडे फारसे काही नसते.

यापुढे कागदांचे काम सुरू होते. माल किती होता हे सर्व्हेअर कसे ठरवतो? आधीच्या वर्षाचा ताळेबंद घ्यायचा, त्यातला अखेरचा साठा घ्यायचा, त्यात पुरापर्यंतची खरेदी मिळवायची, विक्रीतून नफ्याचा अंदाजी टक्का काढून उरलेली रक्कम वजा करायची. पद्धत चुकीची नाही. पण खरेदीची बिले भिजून गेलेली असतात, संगणक पाण्याखाली असतो, आणि नफ्याचा टक्का एकदोनने इकडेतिकडे झाला की वर्षभराच्या विक्रीवर लाखांचा फरक पडतो. बिले गेली तरी मार्ग असतो. पुरवठादारांकडून खातेउतारे मिळतात, जीएसटीच्या पोर्टलवर खरेदीची नोंद असते, आणि कॅश क्रेडिट घेतलेले असेल तर बँकेला दरमहा दिलेले स्टॉक स्टेटमेंट असते. हे शेवटचे मात्र दुधारी असते. कर्जाची मर्यादा टिकावी म्हणून ज्याने तिथे साठा फुगवून लिहिला त्याचे बाकीचे कागदही संशयाने पाहिले जातात, आणि हिशेबात कमी साठा दाखवून कर वाचवणाऱ्याला पूर आल्यावर खरा आकडा सांगता येत नाही. मग सॅल्व्हेज येते, म्हणजे भिजलेल्या मालाची उरलेली किंमत. सुती कापड धुऊन विकता येईल, स्टीलची भांडी पुसून विकता येतील, म्हणून तेवढी रक्कम क्लेममधून वजा होते. ती ठरवताना गिऱ्हाईक आणले होते की टक्का मनाने धरला होता, हे विचारणारे दुकानदार थोडे. जीएसटीची गोष्ट तर अनेकांना शेवटपर्यंत कळत नाही. नष्ट झालेल्या मालावर घेतलेली कराची वजावट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे परत करावी लागते. म्हणजे तो कर दुकानदाराच्याच खिशातून जातो. तरीही ‘कराची वजावट तुम्हाला मिळतेच’ असे धरून नुकसान करमुक्त किमतीवर मोजले जाऊ शकते. कर परत केल्याचा पुरावा जोडला आणि विम्याची रक्कम मुळात करासह ठरवलेली असली, तर या कपातीला उत्तर देता येते. पण त्यासाठी आधी ती कपात झाली आहे हे दिसायला हवे.

सगळ्यात मोठी कपात ‘ॲव्हरेज’ची, म्हणजे विमा मालाच्या किमतीपेक्षा कमी असेल तर त्याच प्रमाणात भरपाई कमी करण्याची. दुकानात ४० लाखांचा माल, विमा २० लाखांचा आणि नुकसान १० लाखांचे, तर मिळणार ५ लाख, त्यातून पॉलिसीतली ठरलेली वजावट पुन्हा वेगळी. हे ऐकून दुकानदार संतापतो, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे नुकसान विम्याच्या रकमेच्या आत आहे, मग पूर्ण का नाही? इथे कंपनीची बाजू ऐकून घेतली पाहिजे आणि ती खरी आहे. निम्म्या मालाचा हप्ता भरणाऱ्याला पूर्ण मालाची भरपाई दिली तर प्रामाणिकपणे पूर्ण हप्ता भरणारा शेजारी मूर्ख ठरतो. तत्त्व न्याय्य आहे. अडचण आहे ती हा अपुरा विमा कुठे जन्मतो याची. कर्ज घेणाऱ्या दुकानदाराची पॉलिसी अनेकदा बँकच काढून आणते आणि तिचे लक्ष स्वतःच्या कर्जाच्या रकमेवर असते. कर्ज २० लाखांचे, म्हणून विमा २० लाखांचा. मागच्या गल्लीतले गोदाम पत्त्यात आलेच नाही, जुन्या पॉलिसीत हप्ता कमी व्हावा म्हणून पुराचे संरक्षण वगळलेले, हे सगळे दुकानदाराला पुरानंतर कळते. भरपाईची रक्कमही बँकेच्या कलमामुळे आधी कर्जखात्यात जमा होते. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या प्रमाणित पॉलिसींनी यात थोडी सुधारणा केली. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’मध्ये विम्याची रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ॲव्हरेज लावायचे नाही, आणि घरासाठीच्या ‘भारत गृह रक्षा’मध्ये ते मुळातच लागत नाही. म्हणजे घराच्या क्लेममध्ये कुणी अपुऱ्या विम्याचे कारण देऊन रक्कम कापली, तर पॉलिसीच काढून दाखवावी. दुकानदाराच्या बाबतीत मात्र सर्व्हेअरने दुकानातला एकूण माल किती धरला, यावरच सारे अवलंबून असते. क्लेम करताना साठा जितका मोठा सांगावा तितके ॲव्हरेज जास्त, आणि छोटा सांगावा तर नुकसानच कमी. हा पेच समजून न घेता आकडे भरणारा दोन्हीकडून कापला जातो.

एवढी कपात सोसायला माणूस तयार का होतो? याचे उत्तर विलंबात आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये घालून दिलेल्या मुदती कडक आहेत. कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा रिपोर्ट आणि रिपोर्टनंतर ७ दिवसांत निर्णय. कागद कमी आहेत एवढ्याच कारणावरून क्लेम नाकारायचा नाही, असेही प्राधिकरणाने बजावले आहे. एकेका आगीच्या प्रकरणात या मुदती पाळता येतील. एका दिवसात अख्खा बाजार बुडतो तेव्हा ठिकठिकाणांहून सर्व्हेअर बोलवावे लागतात आणि एकेकाच्या हाती क्लेमचा गठ्ठा असतो. हेही मान्य. पण उशिराचा भार दोन्ही बाजूंवर सारखा पडत नाही. कंपनीच्या ताळेबंदात ती रक्कम फक्त एका रकान्यात थांबलेली असते, दुकानदाराला मात्र बँकेचे व्याज, पुरवठादाराची उधारी आणि गणपतीच्या आधी माल भरण्याची निकड असते. अशा वेळी समोर येणाऱ्या ‘फुल अँड फायनल’ व्हाउचरवर तो सही करतो, आणि आता सगळे संपले असे समजतो. तसे ते संपत नाही. दबावाखाली, दिशाभूल करून किंवा फसवून घेतलेली अशी सही पुढचा हक्क बुडवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अजमेर सिंग कॉटन मिल्स प्रकरणात १९९९ मध्येच ठरवले. प्राधिकरणानेही २०१५ च्या परिपत्रकात सांगितले की व्हाउचरवर सही केली म्हणून जास्त भरपाई मागायचा मार्ग बंद होत नाही. मात्र दबाव होता हे दाखवावे लागते. सहीसोबतच्या, किंवा लगेच पाठवलेल्या, ‘रक्कम निषेध नोंदवून स्वीकारत आहे’ एवढ्या ओळीने हे काम पुष्कळ सोपे होते. सहा महिन्यांनी आठवलेला निषेध न्यायालयाला पटत नाही.

या सगळ्यावर एक सडेतोड आक्षेप आहे. लोक खोटे क्लेम करतात. पडून राहिलेला जुना माल पुरात दाखवला जातो, भाव वाढवून सांगितले जातात, पावत्या मागाहून तयार होतात. हे होते, आणि त्याची किंमत सगळे विमेदार हप्त्यातून मोजतात. म्हणून तर कायद्यात सर्व्हेअर आहे, परवानाधारक आणि कागदोपत्री स्वतंत्र. त्याची नेमणूक आणि फी मात्र कंपनीकडून येते, हे विसरून चालणार नाही. विमा कायद्याच्या कलम ६४ यूएममध्येच कंपनीला सर्व्हेअरच्या आकड्याहून वेगळा आकडा ठरवण्याची मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा रिपोर्ट महत्त्वाचा पण अखेरचा शब्द नव्हे, असे प्रदीप कुमार प्रकरणात २००९ मध्ये म्हटले. त्याच वर्षी श्री व्यंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात, मनासारखा रिपोर्ट मिळेपर्यंत एकामागून एक सर्व्हेअर नेमता येणार नाहीत, हेही सांगितले. फसवणूक रोखायची तर तिचे कारण लिहून क्लेम नाकारावा, ते कंपनीला करता येते. संशय मनात ठेवून सरसकट टक्केवारीने कापणे हा फसवणुकीवरचा उपाय नाही. त्यात लबाडाला काहीतरी मिळते आणि सरळ माणसाचे काहीतरी जाते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: भांडून मिळते किती आणि कधी? ‘हरसोलिया मोटर्स’ हे प्रकरण २००२ च्या गुजरात दंगलीतल्या आगीचे. व्यापारी विमा घेतो तेव्हा तो ग्राहक ठरतो का, एवढ्या प्राथमिक मुद्द्यावर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००४ मध्ये ‘हो’ म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले २०२३ मध्ये. हे उदाहरण धीर देणारे नाही. पण त्याने पुढच्यांची वाट मोकळी केली. आता जिल्हा ग्राहक आयोगाची मर्यादा भरलेल्या हप्त्यावरून ठरते, नुकसानीवरून नाही, त्यामुळे बहुतेक दुकानदारांना आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते, दोन वर्षांच्या आत. त्याहून जवळचा मार्ग विमा लोकपालाचा. महाराष्ट्रात त्याची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील नाही, आणि एकल मालकीची दुकाने व सूक्ष्म उद्योगही तिथे जाऊ शकतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते, महिनाभरात समाधान झाले नाही तर वर्षाच्या आत लोकपालाकडे. पण कुठेही गेले तरी समोरचा पहिला प्रश्न एकच विचारणार: कोणती रक्कम चुकीची कापली? ‘कमी दिले’ एवढे उत्तर तिथे चालत नाही. साठा, सॅल्व्हेज, कर, घसारा, ॲव्हरेज, यांपैकी कुठे आणि किती, हे सांगावे लागते, आणि ते सर्व्हे रिपोर्ट हातात असल्याशिवाय सांगता येत नाही. रिपोर्टची प्रत मागणारा अर्ज चार ओळींचा असतो. तो व्हाउचरवर सही करण्याआधी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.