पाणी सुटते, पाणी शिरते

काकडी चोचवून तिला मीठ लावले की थोड्याच वेळात भांड्याच्या तळाशी पाणी साचते, कैरीच्या फोडी मीठ-हळदीत घोळवून रात्रभर झाकून ठेवल्या की सकाळी त्या स्वतःच्याच पाण्यात ओलसर झालेल्या दिसतात, आणि कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून त्या पिळल्या की कडू रस निघतो. या तिन्ही गोष्टींसाठी मराठी स्वयंपाकघरात ‘पाणी सुटणे’ हा एकच शब्दप्रयोग आहे आणि तो शास्त्राच्या दृष्टीनेही नेमका आहे, कारण त्यात हालचाल पाण्याची होते हे अचूक सांगितलेले आहे. शालेय पुस्तकात याच घटनेला ‘परासरण’ असे नाव दिलेले असते. काही पदार्थांना वाट देणारे आणि काहींना अडवणारे पातळ पटल मध्ये असताना, कमी विद्राव्य असलेल्या बाजूकडून जास्त विद्राव्य असलेल्या बाजूकडे पाणी जाते, ही त्याची व्याख्या; विद्राव्य म्हणजे पाण्यात विरघळलेला मीठ-साखरेसारखा पदार्थ. परीक्षेत एक-दोन गुणांपुरती पाठ केली जाणारी ही व्याख्या वास्तविक वनस्पतीचा ताठपणा, जमिनीची सुपीकता आणि आजारी बालकाचा जीव या तिन्हींशी बांधलेली आहे, आणि म्हणूनच तिच्यापाशी अधिक वेळ थांबणे योग्य ठरते.

विद्यार्थ्यांचा पहिला गोंधळ ‘संहती’ या शब्दापाशी होतो. संहती म्हणजे ठरावीक द्रावणात विद्राव्य किती आहे त्याचे प्रमाण. अत्तराचा वास खोलीभर पसरतो तेव्हा पदार्थ जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातो, त्याला विसरण म्हणतात, असे एका धड्यात शिकवले जाते; आणि लगेच पुढे परासरणात पाणी कमी संहतीकडून जास्त संहतीकडे जाते असे सांगितले जाते, त्यामुळे दोन नियम परस्परांच्या उलट आहेत असा समज होतो. येथे मोजली जाणारी संहती विद्राव्याची आहे आणि हलणारा पदार्थ मात्र पाणी आहे, एवढे ध्यानात घेतले की विरोध उरत नाही. जिथे मीठ जास्त तिथे मोकळ्या पाण्याचे प्रमाण कमी, म्हणून पाणी आपल्या विपुलतेकडून आपल्या टंचाईकडेच जात असते. मीठ पाणी ‘ओढते’ हे बोलण्याच्या सोयीचे आहे. प्रत्यक्षात पाण्याचे रेणू दोन्ही दिशांनी अखंड ये-जा करीत असतात आणि फक्त एका दिशेने जाणाऱ्यांची संख्या जास्त असते.

या सगळ्या व्यवहाराचा कणा म्हणजे ते पटल. प्रत्येक सजीव पेशीभोवती प्रद्रव्यपटल असते आणि त्याची जाडी मिलीमीटरच्या एक लाखाव्या भागापेक्षाही कमी असते. ते मुख्यतः स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे आणि त्यांत रुतलेल्या प्रथिनांचे बनलेले असून कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला रोखायचे हे ठरवत असल्यामुळे त्याला ‘निवडक्षम पारपटल’ म्हणतात. त्याचे महत्त्व दोन बटाट्यांच्या साहाय्याने घरीच पाहता येते. कच्च्या बटाट्याचा अर्धा भाग घेऊन त्याच्या बुडाची साल काढावी, वर खळगा करून त्यात चमचाभर साखर घालावी आणि तो पसरट ताटलीतल्या पाण्यात उभा ठेवावा. काही तासांत खळग्यात पाक जमू लागतो. हाच प्रयोग उकडलेल्या बटाट्यावर केला तर खळग्यातली पातळी तशी चढत नाही, कारण उकळण्याने पेशींची पटले मोडून गेलेली असतात आणि साखर व पाणी दोघांनाही वाटेल तिकडे जाता येते. बटाटा तोच, पाणी तेच, साखर तीच. फरक फक्त शाबूत पटलाचा. येथे एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. भिजवलेले हरभरे फुगतात हे परासरणाचे उदाहरण म्हणून सर्रास दिले जाते, परंतु कोरड्या बीमधील पिष्ट, प्रथिने आणि पेशीभित्तिका सुरुवातीला पाणी शोषून घेतात ती क्रिया वेगळी आहे, तिला अंतःशोषण म्हणतात, आणि मेलेले बीसुद्धा त्यामुळे फुगते.

पटलामुळे पाणी एकाच दिशेने अधिक जाते हे फ्रान्समधील झां-आंत्वान नोले याने १७४८ मध्ये नोंदवले होते. मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पटलाने बांधून ते पाण्यात ठेवले असता ते पटल फुगून आले होते. पुढे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर याने ही घटना काटेकोरपणे मोजली, आणि त्याच्या मोजमापांच्या आधारे परासरण दाबाचे नियम मांडणाऱ्या याकोबुस फान्ट होफ याला १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही एक कोडे उरलेच होते. पटल स्निग्ध असेल तर पाणी त्यातून इतक्या वेगाने कसे जाते? अमेरिकेतील पीटर ॲग्रे यांनी तांबड्या रक्तपेशींच्या पटलातील एका प्रथिनाचा माग काढून याचे उत्तर दिले. ‘ॲक्वापोरिन’ नावाचे हे प्रथिन म्हणजे केवळ पाण्यासाठी राखलेला अतिसूक्ष्म बोगदा असून एका बोगद्यातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी रेणू जाऊ शकतात. या शोधासाठी ॲग्रे यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा मिळाला, म्हणजे नोलेच्या नोंदीनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी.

पेशीबाहेरचे द्रावण आतल्याइतक्याच संहतीचे असेल तर ते समपरासारी, आतल्यापेक्षा विरळ असेल तर अवपरासारी आणि दाट असेल तर अतिपरासारी म्हणवले जाते. रुग्णाच्या शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाइनमध्ये एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असते ते याच कारणाने. तेवढ्या मिठाने ते द्रावण तांबड्या रक्तपेशींच्या दृष्टीने समपरासारी होते, आणि त्याऐवजी शुद्ध पाणी शिरेत गेले तर त्या पेशींमध्ये पाणी शिरून त्या फुटतात. वनस्पतींच्या पेशी अशा फुटत नाहीत, कारण पटलाबाहेर मजबूत पेशीभित्तिका असते आणि आत शिरलेले पाणी तिच्यावर दाब देऊन पेशीला ताठ ठेवते. मंडईत भाजीवर पाणी शिंपडतात किंवा कोथिंबिरीची जुडी पाण्यात उभी ठेवतात, ती तरतरी याच दाबातून येते. उलट अतिपरासारी द्रावणात पेशीतले पाणी बाहेर पडते आणि पटल भित्तिकेपासून सुटून आकसते, त्याला रससंकोच म्हणतात. लोणच्यात आणि मुरांब्यात पडलेल्या सूक्ष्मजीवांची अशीच अवस्था होऊन त्यांची वाढ थांबते.

मात्र या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट व्याख्येत कुठेच सांगितलेली नसते. कोणत्याही सजीव पेशीकडे पाणी थेट उचलून आत-बाहेर ढकलणारा सर्वमान्य असा पंप नाही. क्षार ढकलणारे पंप मात्र पेशीकडे आहेत आणि त्यांसाठी ती ऊर्जा खर्च करते; क्षार जिथे जातात तिथे पाणी मागोमाग जाते. पानावरील सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, अशीच उघडतात. छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी पोटॅशियम आत घेतात, पाठोपाठ पाणी शिरते, पेशी फुगून धनुष्यासारख्या वाकतात आणि मधली फट मोकळी होते. लाजाळूला हात लावल्यावर तिची पाने मिटतात तेव्हाही देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइड झपाट्याने बाहेर पडतात, पाणी त्यांच्यामागे जाते आणि त्या बाजूचा ताठपणा गेल्याने देठ खाली झुकतो. स्नायू नसलेल्या झाडाने पाण्याच्या बळावर केलेली ही हालचाल प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी या दृष्टीने पाहायला हवी.

मुळांचे कामही याच तत्त्वावर चालते. मूलकेशांच्या पेशीतील रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत येते. मातीतलेच पाणी खारट झाले तर हा ओघ मंदावतो आणि ओल्या जमिनीत पीक तहानेने वाळते. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात अतिरिक्त पाणी देऊन आणि निचऱ्याकडे दुर्लक्ष होऊन क्षारपड झालेल्या जमिनींचे दुखणे हेच आहे. तेथे पाण्याचा अभाव नसतो, पाणी मुळात शिरण्याची अनुकूलता संपलेली असते. आणि म्हणून आणखी पाणी पाजणे हा उपाय नसून चर खणून क्षार निचऱ्यावाटे बाहेर काढणे हा उपाय आहे. कोकणच्या खाड्यांमधील तिवराने मात्र हे संकट पेलले आहे. तिवर आपल्या पेशींतील रस समुद्राच्या पाण्यापेक्षाही दाट राखतो, बरेचसे मीठ मुळांशीच अडवतो आणि तरीही आत आलेले मीठ पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवसांत त्याच्या पानांवर मिठाचे बारीक कण दिसतात ते यामुळेच.

माणसाच्या लहान आतड्यात दररोज सुमारे ९ लिटर द्रव येतो, त्यात अन्नपाण्यातून येणारा भाग सुमारे २ लिटरच असतो आणि उरलेला शरीरानेच स्रवलेला असतो. आतड्याच्या पेशी सोडियम शोषून घेतात आणि त्यामागे जवळजवळ सगळे पाणी शरीरात परत जाते. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, विषामुळे हीच यंत्रणा उलटी फिरते. पेशी क्लोराइड आतड्याच्या पोकळीत सोडू लागतात, सोडियम व पाणी त्याच्यामागे वाहत जाते आणि रुग्ण काही तासांत कोरडा पडतो. अशा वेळी नुसते पाणी पाजून भागत नाही, कारण ते आत नेणारा सोडियमचा ओघच थंडावलेला असतो. परंतु पटलातील एक दार या विषाने बंद होत नाही. ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेणाऱ्या एका प्रथिनाची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागमध्ये मांडली होती, आणि त्या दारातून साखर व मीठ एकत्र आत गेले की पाणी पुन्हा त्यांच्यामागे शरीरात येऊ लागते.

१९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मिसळलेले पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. त्यांचे नाव शालेय विज्ञानाच्या पुस्तकात परासरणाच्या धड्यातच असायला हवे.

महाराष्ट्रात जलसंजीवनी या सुंदर नावाने ओळखल्या जाणाऱ्या या द्रावणाच्या आजच्या पुडीत एका लिटरसाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये हे प्रमाण आधीपेक्षा विरळ केले, कारण द्रावण जितके दाट तितके ते पाणी आत जाऊ देण्याऐवजी आतड्याकडे बाहेर आणण्याचा धोका अधिक. पुडी नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालतात. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर ते औषध अधिक गुणकारी होत नाही. ते अतिपरासारी होते, आणि काकडीला मीठ लावल्यावर जे घडते तेच बाळाच्या आतड्यात घडू लागते.